मोठा फ्युएल पंप टाकला तरी गरम झाल्यावर प्रेशर पडतंच: पंपाचा वेग आणि वारंवार येणारा बिघाड

गार इंजिनावर गाडी मस्त ओढते. अर्धा-पाऊण तास रहदारीत रखडली, टाकी पावच्या खाली गेली, की आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) आरपीएम डोलायला लागतात. मग रस्ता मोकळा मिळाला, पाय दाबला, की बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) भरता भरता गाडी मध्येच अडखळते आणि वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा लीनकडे, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याकडे, पळतो. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सगळं ठीक. नवा पंप टाकला की पंधरा दिवस बरे जातात, मग तेच रडगाणं.

माझ्या गाडीत हा बिघाड तीनदा आला. दोन लिटरचं टर्बो इंजिन, साधारण ४०० हॉर्सपॉवर, टाकीत तासाला ४५० लिटरच्या वर्गातला ब्रशवाला पंप, बूस्टप्रमाणे प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर आणि परतीची लाइन मूळ गाडीचीच. पहिल्या दोन खेपांना मी पंपच बदलला. काढलेले दोन्ही पंप नंतर बाकावर लावून पाहिले, तर दोन्ही धडधाकट. पंप चोवीस तास पूर्ण वेगाने पळतोय आणि ऐन गरजेच्या वेळी त्याच्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत, हे लक्षात यायला मला सहा महिने लागले. तुमचा वेळ वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी एक साधा हिशोब, कारण तो केल्याशिवाय वेग कमी करायची गरज पटत नाही. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला ०.६ पाउंड इंधन धरतात. ४०० हॉर्सपॉवरला २४० पाउंड, म्हणजे १०९ किलो, म्हणजे तासाला जवळपास १५० लिटर. ही झाली पूर्ण जोरातली भूक. आयडलला हेच इंजिन तासाला एखादा लिटर पितं. पंप मात्र तीन बारला तासाला ४०० लिटर ढकलत असतो, म्हणजे जवळजवळ सगळं पेट्रोल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला) शिवून टाकीत परत येतं. टाकीत १५ लिटर उरलं असेल, तर ते सगळंच्या सगळं सव्वादोन मिनिटांत एक फेरी मारतं.

आता उष्णता बघा. साडेतेरा व्होल्ट आणि १५ अँपिअर म्हणजे दोनशे वॉट. त्यातला जवळजवळ प्रत्येक वॉट शेवटी पेट्रोलातच मुरतो. १५ लिटर म्हणजे सुमारे ११ किलो पेट्रोल, आणि दोनशे वॉटने ते दर दोन मिनिटांना एक अंश तापतं. काही उष्णता टाकीच्या भिंतीतून निघून जाते हे खरं, पण गरम रेलवरून येणारी उष्णता त्यात भर घालते. पेट्रोलातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागतात, आणि पंपाच्या तोंडाशी ओढीमुळे दाब आणखी कमी असतो. तिथे बुडबुडे धरतात, पंप पेट्रोलाऐवजी फेस ओढू लागतो. म्हणूनच टाकी भरलेली असताना हा बिघाड सापडत नाही, आणि पंप बदलताना आपण ताजं गार पेट्रोल भरतो म्हणून पंधरा दिवस बरं वाटतं.

आधी चार आकडे एकत्र बघा

अंदाजाने काहीही बदलण्यापूर्वी चार गोष्टी एकाच लॉगमध्ये यायला हव्यात: रेलचं प्रेशर, मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचं) प्रेशर, पंपाच्या टर्मिनलवरचे व्होल्ट आणि पंपाचा करंट. पाचवा आकडा इंधनाच्या तापमानाचा मिळाला तर फारच उत्तम. रेलवर साधा ०.५ ते ४.५ व्होल्टवाला सेन्सर बसवला आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) एखाद्या रिकाम्या अ‍ॅनालॉग इनपुटला जोडला की काम होतं. व्होल्ट आणि करंट लॉग होत नसतील, तर मागच्या सीटवर मित्राला मल्टिमीटर आणि डीसी क्लॅम्प मीटर घेऊन बसवा. एसीवाला क्लॅम्प इथे चालत नाही.

रेलचा आकडा एकट्याने वाचू नका. रेलमधून मॅनिफोल्ड वजा करा. इंजेक्टरला खरा दाब तेवढाच मिळतो. १.४ बार बूस्टला रेलवर ४.४ दिसलं पाहिजे, म्हणजे फरक तीनच राहतो. माझ्या लॉगमध्ये गरम गाडीत पूर्ण जोरावर हा फरक तीनवरून २.३ वर घसरत होता. इंजेक्टरचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जवळपास १२ टक्के पेट्रोल कमी. बूस्टमध्ये १२ टक्के लीन म्हणजे पिस्टन जाण्याची वेळ. हे दिसत असताना “आणखी एक पुल (पूर्ण जोरातली धाव) मारून बघू” असं करू नका, मनापासून सांगतो.

करंट आणि व्होल्ट जोडीने वाचले की दोष कुठल्या बाजूला आहे ते बरंचसं कळतं. प्रेशर पडताना व्होल्टही पडले असतील तर वायरिंग. व्होल्ट ठीक, पण करंट कमी आणि थरथरता असेल, तर पंप फेस ओढतोय किंवा गाळणी तुंबली आहे. पंपाचा आवाजही तेव्हा शिट्टीसारखा न राहता खरखरीत होतो, आत वाळू फिरतेय असा. व्होल्ट ठीक, करंट नेहमीपेक्षा जास्त आणि तरी रेलला कमी, म्हणजे पंपाच्या पुढे कुठेतरी अडथळा आहे, बहुतेक वेळा फिल्टर. करंट स्थिर पण थोडा कमी, आणि दाब वाढला की फरक हळूहळू घसरतो, असं दिसलं तर ते शेवटासाठी राखून ठेवा. माझी तिसरी खेप तीच होती.

व्होल्ट कुठे जातात

माझ्याकडे इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.७ आणि पंपावर ११.६ मिळत होते. २.१ व्होल्ट वाटेत गडप. पंपाच्या कागदावरचे प्रवाहाचे आकडे बहुधा साडेतेरा व्होल्टचे असतात, त्याला ११.६ दिले तर वेग पडतो, आणि वरच्या दाबाला प्रवाह त्याहून कितीतरी जास्त पडतो.

व्होल्टची ही गळती शोधायची पद्धत सोपी आहे. पंप भारात चालू ठेवा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या धनाला आणि दुसरं थेट पंपाच्या धन टर्मिनलला लावा. जो आकडा येईल तेवढा धन बाजूने खाल्ला. तसंच ऋण बाजूला करा. माझ्याकडे धन बाजू १.४ आणि अर्थिंग ०.७ खात होती. अर्थिंग नेहमी विसरलं जातं. टाकीच्या झाकणातून वायर आत नेणारा कनेक्टर काढून पाहिला, तर एक पिन तपकिरी झाली होती आणि भोवतालचं प्लॅस्टिक मऊ पडून पिन एका बाजूला कलली होती. नखाने दाबली तर हलत होती. मूळ पंपाच्या पाच-सात अँपिअरसाठी बनवलेल्या त्या पिनमधून मी दोन वर्षं पंधरा अँपिअर नेले होते.

बॅटरीजवळ फ्यूज घालून ६ चौरस मिलिमीटरची वायर मागे नेली, रिले टाकीजवळ बसवला, अर्थिंगसाठी रंग खरवडून स्वतंत्र थिंबल घातलं आणि झाकणात जास्त करंटचा कनेक्टर बसवला. पाच मीटर लांबीला १५ अँपिअरवर त्या वायरमध्ये पाव व्होल्टही जात नाही. हे काम वेग-नियंत्रणाच्या आधी करायचं. कमकुवत वायरिंगवर कंट्रोलर लावला तर दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि मग लॉगवरून काहीच उलगडत नाही.

एक इशारा इथेच देतो. काही गाड्यांत कारखान्याचा कंट्रोलर पंपाचा वेग ऋण बाजूने आवरतो. निसानच्या जुन्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये तसंच आहे. अशा गाडीत “चांगलं अर्थिंग” म्हणून पंपाची ऋण वायर थेट बॉडीला जोडली, की कंट्रोलर बाजूला पडतो आणि पंप कायम पूर्ण वेगाने पळतो. काही जण हे मुद्दाम करतात. पण तुम्ही न कळत केलं असेल, तर पेट्रोल का तापतंय याचा शोध घेत बसाल.

वेग कसा आवरायचा

कारखान्यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. टोयोटाच्या जेझेडए८० सुप्रामध्ये पंपासाठी वेगळा ईसीयू आहे आणि हलक्या भारात तो पंपाला कमी व्होल्ट देतो. सुबारूच्या टर्बो इम्प्रेझात ३३, ६६ आणि १०० टक्के अशा तीन पायऱ्या आहेत. १९९९ पासूनच्या फोर्ड मस्टँगमध्ये तर परतीची लाइनच काढून टाकली आणि प्रेशरचं काम पंपाच्या वेगावरच सोपवलं. आपण मोठा पंप टाकताना नेमकी हीच सोय तोडतो, कारण मूळ कंट्रोलरला नव्या पंपाचा करंट झेपत नाही.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे रेझिस्टर आणि रिले. सावकाश चालीत पंपाला नऊ-साडेनऊ व्होल्ट हवेत, तेव्हा तो दहाएक अँपिअर घेतो, म्हणजे चार व्होल्ट अडवायला ०.४ ओहम. त्यात ४० वॉट उष्णता होते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातला १०० वॉटचा रेझिस्टर घ्या आणि तो हवेशीर धातूच्या पट्टीवर, टाकीच्या झाकणापासून आणि पेट्रोलच्या वाफेपासून लांब बसवा. जोडणी अशी करा की रिलेची कॉइल मृत असताना पंपाला पूर्ण व्होल्ट मिळतील. म्हणजे थेट पुरवठा ८७-ए वरून (कॉइल मृत असताना जुळलेला रिलेचा संपर्क), आणि कॉइलला वीज दिली की रेझिस्टर मध्ये येईल. कॉइलची वायर तुटली, फ्यूज उडाला, ईसीयूचा आउटपुट गेला, तरी पंप जोरातच पळेल. उलट जोडणीत हाच दोष ऐन बूस्टमध्ये पंप मंद ठेवेल. फक्त रिलेवरचे आकडे नीट वाचा: ८७-ए संपर्काची क्षमता ८७ पेक्षा बहुधा कमी असते, ३०/४० असं छापलेलं असतं त्यातला लहान आकडा त्याचा.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून पंपाला कमी व्होल्ट देणारा, याहून चांगला, पण इथे चुका जास्त होतात. वीज किती टक्के वेळ चालू ती ड्युटी. साधा यांत्रिक रिले पीडब्ल्यूएमवर चालवू नका, संपर्क दिवसात जळतील. घरगुती एसी भारासाठीचा सॉलिड स्टेट रिले (एसएसआर) तर बिलकूल नको. डीसीवर तो एकदा चालू झाला की बंदच होत नाही. डीसीचा औद्योगिक एसएसआर चालतो, पण त्यातला ऑप्टो-कपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) मंद असतो. काही दशक हर्ट्झपर्यंत ठीक, त्यापुढे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) अर्धवट उघड्या अवस्थेत रेंगाळतो आणि तापतो. आणि एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीवर पंप गुरगुरतो, रेलवर लाटा दिसतात. काही किलोहर्ट्झवर पंप गुळगुळीत फिरतो, मात्र त्यासाठीच बनवलेला ड्रायव्हर लागतो.

त्या ड्रायव्हरचा निम्मा भरवसा फ्री-व्हीलिंग डायोडवर असतो. मॉस्फेट बंद झाला तरी मोटरच्या गुंडाळीतला करंट लगेच थांबत नाही, त्याला वाट लागते. ती डायोड देतो. निम्म्या ड्युटीला निम्मा वेळ पंपाचा पूर्ण करंट त्या डायोडमधून वाहतो. मला बिघडलेला एक हातबनावटीचा ड्रायव्हर पाहायला मिळाला, त्यात १एन४००७ घातला होता. तो एक अँपिअरचा आणि मंद डायोड. उघडला तर डायोडचं काळं अंग मधोमध चिरलं होतं, आणि बोर्डावर त्याच्याखाली पिवळा डाग. डायोड गेल्यावर मॉस्फेटने प्रत्येक झटका अंगावर घेतला आणि काही दिवसांनी तोही गेला. इथे पंपाच्या करंटपेक्षा मोठा शॉटकी (झटपट चालणारा) डायोडच हवा.

ड्युटी किती ठेवायची हे दुसऱ्याच्या टेबलवरून उचलू नका. टर्बाइन प्रकारच्या पंपाला एक उंबरठा असतो. त्याच्या वर प्रवाह झपाट्याने वाढतो, त्याच्या खाली पंप फिरताना ऐकू येतो पण तीन बारविरुद्ध एक थेंबही पुढे जात नाही. गाडी पूर्ण गरम करा, पंखे आणि दिवे चालू ठेवा, आयडलला ड्युटी पाच-पाच टक्क्यांनी उतरवा. ज्या ठिकाणी फरक तीन बारच्या खाली सरकू लागतो तो आकडा लिहा आणि त्यात १५ टक्के मिळवा. माझा उंबरठा ३८ ला आला, मी ५५ ठेवले. गार इंजिनावर, अल्टरनेटर चांगला भरत असताना हेच केलं असतं तर आकडा खोटा आला असता, कारण पंपाला मिळतात ते ड्युटी गुणिले व्होल्ट. कंट्रोलरमध्ये व्होल्टेज करेक्शन असेल तर वापरा.

याच चाचणीत आणखी एक दोष उघडा पडतो. ड्युटी उतरवताना फरक ३.५ वरून ३ वर आला आणि तिथे थांबला, तर आधी रेग्युलेटरला परतीचा लोंढा झेपत नव्हता. परतीची लाइन बारीक आहे. रेग्युलेटर कितीही फिरवलात तरी आयडलचं प्रेशर खाली येत नाही, ही तक्रार याचीच.

आता सगळ्यात चिवट भाग, मंद वेगातून जोरात जायचा. बूस्ट स्विचवर पंप पळवला तर उशीर होतो. पाय दाबला, बूस्ट चढला, इंजेक्टर उघडे पडले, आणि पंप अजून गती घेतोय. लॉगवर क्षणभर लीनचा सुळका येतो. माझ्या लॉगमध्ये तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता, चालवताना जेमतेम एक हिसका जाणवायचा. ड्युटी बूस्टवर बांधू नका. ईसीयूला इंजिनाची इंधनाची मागणी माहीत असते, त्यावर बांधा, आणि थ्रॉटल झपाट्याने उघडला की मागणी वाढण्याआधीच १०० टक्के द्या. खाली येताना दोन-तीन सेकंद थांबून हळूहळू उतरवा, नाहीतर गिअर बदलताना पंप वर-खाली होत राहील. फक्त प्रेशरवर चालणारं बंद-चक्र नियंत्रण रिटर्नवाल्या गाडीत फारसं उपयोगी नाही: रेग्युलेटर प्रेशर धरून ठेवतो, म्हणून प्रेशर हललेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि ईसीयूमध्ये राखणदार ठेवाच. बूस्टमध्ये फरक ठरलेल्यापेक्षा अर्धा बार खाली गेला आणि पाव सेकंद तसाच राहिला, तर इंजिन कट. इंजिन बंद पडलं की पंपही बंद झाला पाहिजे, हे कुठल्याही कंट्रोलरबरोबर तपासून घ्या. अपघातात तुटलेल्या लाइनमधून पेट्रोल ओतत राहणारा पंप नको.

ब्रशलेस पंप असेल तर वरचं रेझिस्टर-पीडब्ल्यूएम काहीच लागू नाही. त्याच्या ड्रायव्हरला अखंड वीज द्यायची आणि वेगाचा सिग्नल वेगळ्या वायरने. पुरवठाच चिरला तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा रीसेट होतो.

खोगिराच्या आकाराची टाकी असेल तर एक गोष्ट हमखास चुकते. प्रोपेलर शाफ्टला जागा देण्यासाठी टाकीचे दोन कप्पे केलेले असतात, आणि एका कप्प्यातलं पेट्रोल पंपाच्या कप्प्यात आणायचं काम जेट पंप करतो. तो चालतो परतीच्या प्रवाहावर. पंपाचा वेग जास्त उतरवला, परतीचा प्रवाह आटला, की जेट पंप ओढायचा थांबतो. काटा पाव टाकी दाखवतो आणि पंपाचा कप्पा कोरडा. एका मित्राच्या गाडीत हे दर वेळी लांब सपाट रस्त्यावर व्हायचं, रहदारीत कधीच नाही, आणि आम्ही दोघंही वायरिंग शोधत बसलो होतो. अशा गाडीत किमान ड्युटी उंबरठ्यावरून न ठरवता जेट पंप चालतो की नाही यावरून ठरवा.

माझ्या गाडीत वायरिंग आणि पीडब्ल्यूएम दोन्ही झाल्यावर पाव टाकीत चाळीस मिनिटं रहदारीत रखडून पुन्हा लॉग काढला. पेट्रोल आधीपेक्षा ११ अंशांनी गार, फरक तीन बारवर सरळ रेषेत. चार महिने असेच गेले.

मग तिसरी खेप आली. तीच अडखळण, तोच लीन आकडा. या वेळी पंपाला हात लावण्याआधी लॉग उघडला. पंपावर १३.४ व्होल्ट, ड्युटी १००, पेट्रोल गार. करंट स्थिर, पण पूर्वीच्या पुलपेक्षा दीड अँपिअर कमी. आयडलला फरक तीन, बूस्ट जसा चढेल तसा २.८, २.६, २.५. थरथर नाही, नुसती उतरण. पंप फिरतोय, त्याच्यावर भार कमी आहे, म्हणजे पेट्रोल रेलला पोचण्याआधीच कुठेतरी निसटतंय, आणि बाहेर वास नाही म्हणजे टाकीच्या आतच. प्रेशर काढून, इंजिन पूर्ण गार करून, अग्निशामक शेजारी ठेवून झाकण उघडलं. पंप आणि झाकणाची नळी यांच्यातला चार इंचांचा होज बाहेरून ठीक दिसत होता. वाकवला तर क्लिपजवळ बोटभर लांब चीर उघडली. पंप बसवताना घातलेला तो साधा फ्युएल होज होता. त्याला आतून पेट्रोल चालतं, बाहेरूनही पेट्रोलात बुडालेला राहिला की त्याचं रबर फुगून मऊ पडतं. टाकीत बुडवायला एसएई जे३०आर१० छापलेला होजच लागतो. तो घातला, स्क्रूच्या क्लिपऐवजी कडा न कापणाऱ्या क्लिप लावल्या, आणि त्याच रस्त्यावर पुन्हा पुल घेतला. करंट दीड अँपिअरने वर आला, फरक तीनवर.